'गुड' म्हणजे चांगला नव्हे!

इंग्रजी सुधारण्याच्या बहुतेक पुस्तकांत चांगल्या विशेषणांची एक यादी असते. नाइस, प्रिटी, फाइन, टेरिफिक, एक्सलंट... रोज दहा पाठ करा, बोलणे सुधारेल, असा सल्लाही असतो. पाठ करायला हरकत नाही. पण या शब्दांचा पूर्वेतिहास पाहिला की गंमत वाटते, आणि थोडी धास्तीही!

'नाइस'चेच घ्या. मूळ लॅटिन 'नेस्कियुस', म्हणजे अज्ञानी. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख. पुढे तो 'चोखंदळ', 'काटेकोर' असा सरकत गेला आणि अठराव्या शतकात 'छान' होऊन बसला. मग इतका वापरला गेला की जेन ऑस्टिनने 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीत (१८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध) नायकाच्या तोंडून त्याची यथेच्छ थट्टा केली. दिवसही नाइस, फेरफटकाही नाइस, मुलीही नाइस!

'प्रिटी' म्हणजे एके काळी लबाड. 'फाँड' म्हणजे खुळा. मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट'मध्ये (१६६७) सर्पाची आयाळ 'टेरिफिक' आहे. ती सुंदर नव्हे, थरकाप उडवणारी. उलट 'सिली' हा शब्द मुळात सुखी, धन्य अशा अर्थाचा. तो बिचारा पुण्यवानाचा दुबळा झाला आणि दुबळ्याचा मूर्ख! आपल्याकडे तरी वेगळे काय? संस्कृत धर्मशास्त्रात 'साहस' म्हणजे बळजोरीचा गुन्हा. आज आपण साहसाबद्दल पदके देतो. आणि 'भयंकर आवडलं' म्हणताना कुणाला भय वाटते?

इंग्रजीत एकाच गुणाला इतके शब्द का, याचे उत्तरही इतिहासातच आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. दरबारात फ्रेंच, चर्चमध्ये आणि विद्वानांत लॅटिन, शेतात आणि बाजारात जुनी इंग्रजी. त्यामुळे राजाला शोभेल अशा गोष्टीला किंगली, रॉयल आणि रीगल असे तीन शब्द मिळाले. अर्थ एक, पण मान वेगवेगळा. 'गुड' हा घरचा शब्द, 'एक्सलंट' लॅटिन कुळातला, फ्रेंचमार्गे आलेला. घरच्याला पाहुण्याइतका मान कुठला?

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. पोर्तुगीज अमदानीत लायसियममध्ये शिकलेल्यांना 'इश्किझीतु' म्हणजे विचित्र, चमत्कारिक. १९६१ च्या मुक्तीनंतर इंग्रजीचे प्रस्थ वाढले आणि त्याच लॅटिन मुळाचा 'एक्स्क्विझिट' भेटला, तो मात्र 'अतिसुंदर' म्हणून! दोन सख्ख्या भावंडांपैकी एकाला चेष्टा, दुसऱ्याला हार.

हा नुसता शब्दांचा खेळ असता तर मी लिहिलेही नसते. पण आम्हा सरकारी नोकरांचे नशीब याच विशेषणांवर टांगलेले असते. गोपनीय अहवालातली शिडी प्रसिद्ध आहे: आउटस्टँडिंग, व्हेरी गुड, गुड, ॲव्हरेज. देव दत्त नावाच्या सीमा रस्ते सेवेतील अभियंत्याला १९९३-९४ च्या अहवालात 'गुड' मिळाले. बढतीसाठी मात्र पाच वर्षे 'व्हेरी गुड' हवे होते. 'गुड' हा काही वाईट शेरा नव्हे, म्हणून तो त्यांना कळवलाच गेला नाही. बढती हुकली, कनिष्ठ पुढे गेले. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ज्या 'गुड'मुळे बढती अडते तो शेरा प्रतिकूलच ठरतो, आणि प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. २००९ मध्ये केंद्र सरकारने पूर्ण अहवालच कर्मचाऱ्याला दाखवण्याचे आदेश काढले.

एका साध्या, हजार वर्षांहून जुन्या विशेषणाचा अर्थ ठरवायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले! शब्दकोशात 'गुड' म्हणजे चांगला; अहवालात तो 'थांब' असे सांगत होता. आणि 'आउटस्टँडिंग'? अहवालात ते सर्वोत्तम, हिशेबाच्या वहीत मात्र न फेडलेली बाकी!

म्हणून मुलांना यादी जरूर द्यावी, पण प्रत्येक शब्दापुढे अर्थाबरोबर आणखी दोन गोष्टी लिहायला सांगाव्यात: तो कुठे वापरतात, आणि त्याच्या वरच्या पायरीवर कोण बसले आहे. कौतुकाचे शब्द वापरून वापरून झिजतात. झिजलेले नाणे दुकानदार नाकारतो तेव्हा निदान आपल्याला कळते तरी. झिजलेला शब्द मात्र हसतमुखाने हातात ठेवला जातो, आणि आपण थँक्यू म्हणून मोकळे होतो.