साच्यातून निघाली, घरी घडली

दुसरे महायुद्ध संपले आणि युरोपात गेलेले अमेरिकन सैनिक मायदेशी परतले. एमजीसारख्या छोट्या, उघड्या ब्रिटिश गाड्यांनी त्यांच्यातील अनेकांना भुरळ घातली होती. पण डेट्रॉइटचे कारखाने मोठ्या कौटुंबिक गाड्यांमध्ये गुंतलेले, आणि आयात गाडी प्रत्येकाच्या खिशाला परवडणारी नव्हती.

यातून वाट निघाली ती बोटींच्या कारखान्यात. काचतंतूंचे कापड साच्यात अंथरायचे, त्यावर रेझिन चोपडायचे आणि ते कडक झाले की कवच सोडवून घ्यायचे, ही फायबरग्लासची साधी रीत. कॅलिफोर्नियात बिल ट्रिट अशा बोटी बनवत. हवाई दलातील एका परिचितासाठी त्यांनी जीपच्या सांगाड्यावर बसेल अशी मोटारीची बॉडी केली. त्यातूनच ‘ग्लासपार जी-२’ जन्मली आणि १९५१ मध्ये लोकांसमोर आली. पत्र्याच्या बॉडीला अवजड प्रेस लागतात. इथे एक शेड, एक साचा आणि चिकाटी पुरेशी होती.

१९५२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने या ‘प्लॅस्टिकच्या’ गाड्यांची दखल घेतली. १९५३ मध्ये खुद्द जनरल मोटर्सने फायबरग्लासची शेव्हर्ले कॉर्व्हेट आणली. पहिल्या वर्षी त्या अवघ्या ३०० निघाल्या. पुढे एल माँटे गावच्या बिल डेव्हिन यांनी तर वेगवेगळ्या मापांच्या सांगाड्यांना बसतील अशा बॉडी विकल्या. किंमत २९५ डॉलरपासून. सांगाडा, इंजिन, चाके गिऱ्हाइकाने जमवायची आणि रविवारी गॅरेजमध्ये जोडत बसायचे.

ब्रिटनमध्ये या हौसेला कराने हातभार लावला. तयार मोटारीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर मात्र तो नव्हता. त्यामुळे १९६१ ची जिनेटा जी-४ किंवा १९६२ ची लोटस एलान सुट्या भागांच्या स्वरूपात घेऊन घरी जोडली की चांगलीच बचत होई. एप्रिल १९७३ मध्ये व्हॅट आला, ही सवलत गेली आणि बाजाराचा नूर पालटला.

आज संग्राहक या गाड्यांच्या मागे का लागतात? एक कारण व्यावहारिक आहे. फायबरग्लास गंजत नाही. खालचा सांगाडा कुजला तरी गोठ्यात, परसात पडलेली बॉडी टिकून राहते. दुसरे कारण दुर्मीळतेचे. पण सर्वांत मोठे कारण वेगळेच आहे: यातल्या दोन गाड्या सहसा सारख्या नसतात. बॉडी एकाच साच्यातली असली, तरी एकीत फोर्डचे इंजिन, दुसरीत भलतेच. कुणी डॅशबोर्ड स्वतः कापलेला, कुणी दिवे दुसऱ्याच गाडीचे बसवलेले.

इथेच संग्राहकापुढे खरा पेच उभा राहतो. फेरारी ‘मूळ रूपात’ आणायची तर कारखान्याच्या नोंदी पाहता येतात. घरी जोडलेल्या गाडीचे मूळ रूप कोणते? वाकडे बसलेले दार सरळ करावे, तर ते बसवणाऱ्याचा हातच पुसला जातो. शिवाय साचे हस्तांतरित होत, नकलाही निघत. म्हणून नुसत्या आकारावरून गाडीची ओळख पटत नाही. जुन्या पावत्या, घरगुती फोटो, नोंदणीचे कागद यांनाच मग दस्तऐवजाचे मोल येते.

माझ्या मते अशी गाडी सुरक्षित चालेल इतकी दुरुस्त करावी, ब्रेक आणि सुकाणू यांत तडजोड करू नये. पण ती नव्याहून नवी करण्याचा मोह टाळावा. ग्लासपार जी-२ आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात आहे. ट्रिट, डेव्हिन यांची नावे इतिहासात राहिली. ज्यांनी ऑफिसातून घरी आल्यावर रात्री जागून या गाड्या उभ्या केल्या, त्यांची राहिली नाहीत. त्यांची सही आहे ती त्या हाताने पाडलेल्या भोकांत आणि किंचित तिरक्या बसलेल्या पट्टीत. ती तेवढी ठेवावी.