एकसष्टीची प्रकृती आणि पाटणचा मठ

धुळे, जळगाव आणि १९९८ साली वेगळा झालेला नंदुरबार असे तीन जिल्हे मिळून आजचा खानदेश होतो. या प्रदेशातील गणिताध्ययनाचा महत्त्वाचा पुरावा चाळीसगावजवळील पाटणच्या शिलालेखात आढळतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. त्याने ‘सिद्धांतशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्यापनासाठी स्थापिलेल्या मठास निकुंभवंशीय सोइदेवाने इ. स. १२०७ मध्ये दान दिले. लेखाच्या मराठी भागात बाजारातील मालावर मठासाठी द्यावयाचा भाग नमूद आहे. या परंपरेने जतन केलेल्या ज्ञानाची योग्यता एकाच संख्येवरून तपासता येते.

इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘बीजगणिता’त भास्कराचार्य असा प्रश्न घालतात : कोणत्या वर्गास ६१ ने गुणून एक मिळविला असता पूर्ण वर्ग येतो? ६१ च्या जागी ६० घेतल्यास लहान मूळ ४ आणि मोठे ३१. ६२ घेतल्यास ८ आणि ६३. परंतु ६१ साठी लहानात लहान मूळ २२,६१,५३,९८० असून ज्येष्ठ मूळ १,७६,६३,१९,०४९ इतके आहे. एकेक संख्या तपासत जाणाऱ्यास बावीस कोटींहून अधिक वर्ग करावे लागतील. म्हणून हे उत्तर केवळ चाचपडून मिळालेले असणे संभवत नाही.

ते कसे मिळाले, हे ग्रंथातच दिले आहे. ८ चा वर्ग ६१ पेक्षा ३ ने अधिक आहे. हा क्षेप ३ होय. चक्रवालाच्या एका फेऱ्याने ५ व ३९ ही मुळे येतात आणि क्षेप ऋण ४ होतो. पुढे ब्रह्मगुप्ताच्या भावनेने ३,८०५ व २९,७१८ ही मुळे मिळतात, क्षेप ऋण १ राहतो. त्यांची त्यांच्याशीच भावना केली की इष्ट उत्तर सिद्ध होते. या वाटेची खूण ज्येष्ठ मुळातच राहिली आहे : त्यातून एक वजा केल्यास २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट येते, आणि एक मिळविल्यास ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट.

१६५७ मध्ये फर्मा याने युरोपातील गणितज्ञांपुढे याच प्रकारचे प्रश्न मांडले, तेव्हा उदाहरणांत ६१ ही संख्या होती. ‘बीजगणिता’चे कोलब्रुककृत इंग्रजी भाषांतर मात्र १८१७ मध्ये निघाले. तथापि एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. अवर्ग संख्येसाठी उत्तर असतेच, याची सिद्धता प्रथम लाग्रांज याने अठराव्या शतकात दिली; भास्कराचार्यांनी रीत दिली, सिद्धता दिली नाही. चक्रवाल नेहमी इष्ट स्थानी पोहोचते, हे कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९३० च्या सुमारास दाखविले.

उत्तर पाठ करता येते. रीत मात्र शिकवावी लागते. पाटणच्या बाजारातील कराचा ऐतिहासिक अर्थ या दृष्टीने पाहावयास हवा.