‘या अधिनियमान्वये’ : एका शब्दसमूहाचा न्यायालयीन इतिहास

ऑस्ट्रेलियात संरक्षण-व्हिसा नाकारला गेलेल्या निर्वासितास न्यायालयाकडे फारच थोडे मागता येते. मायदेशी परतल्यास त्याचा छळ होईल किंवा नाही, हे न्यायालय ठरवीत नाही. तो विचार १९९३ पासून २०१५ पर्यंत निर्वासित पुनर्विलोकन न्यायाधिकरण करीत असे. निर्णय अधिकारितेच्या मर्यादेत झाला किंवा कसे, एवढेच न्यायालयाने पाहावयाचे, आणि तो सदोष आढळल्यास प्रकरण फेरविचारार्थ परत धाडावयाचे. परंतु ज्याच्यापुढे हद्दपारी उभी आहे त्याला तेवढाही आधार मोठाच. तो काढून घेण्याचा प्रयत्न २००१ साली झाला.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘टॅम्पा’ या नॉर्वेजियन जहाजाने समुद्रातून वाचविलेल्या ४३३ जणांना ऑस्ट्रेलियाने किनाऱ्यास लागू दिले नाही. त्याच तापलेल्या वातावरणात १९५८ च्या स्थलांतर अधिनियमात नवे कलम ४७४ आले. ‘या अधिनियमान्वये’ केलेला निर्णय अंतिम होय. त्याला आव्हान देता येणार नाही, त्यावर अपील चालणार नाही, तो रद्द करता येणार नाही, अशी त्याची भाषा होती. मसुदाकारांनी निषेधार्थक क्रियापदांची रास घातली, पण कर्त्याच्या विशेषणाकडे त्यांचे पुरेसे लक्ष गेले नाही.

ऑस्ट्रेलियाचे ‘हाय कोर्ट’ हे तेथील सर्वोच्च न्यायालय होय. केंद्रीय अधिकाऱ्यांविरुद्ध महादेश, प्रतिषेध व मनाई हुकूम काढण्याची अधिकारिता त्यास घटनेच्या ७५ व्या कलमाच्या पाचव्या खंडाने थेट दिली आहे. हा खंड मूळचा टास्मानियाच्या अँड्र्यू इंग्लिस क्लार्क यांचा. अमेरिकेतील १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात उघड झालेली उणीव आपल्या घटनेत राहू नये, हा त्यांचा हेतू. १८९८ च्या मेलबर्न अधिवेशनात तो खंड प्रथम गळाला. पुढे बार्टन यांनी तो पुन्हा घालून घेतला.

संघर्ष २००३ च्या फेब्रुवारीत निकालास आला. संरक्षण-व्हिसाच्या अर्जदारांची नावे प्रकट करण्यास कायद्याची मनाई असल्यामुळे वादीची इतिहासात नोंद आहे ती ‘एस १५७/२००२’ अशी. आपल्याविरुद्धची सामग्री आपणांस न कळविता विचारात घेतली, ही त्याची तक्रार. सातही न्यायमूर्तींनी कलम वैध ठरविले. मात्र ते वादीच्या आड येत नाही, असेही सांगितले. पाच न्यायमूर्तींच्या संयुक्त निकालपत्राचा युक्तिवाद व्याकरणाचा आहे : ज्या निर्णयात अधिकारितेचा प्रमाद आहे तो ‘या अधिनियमान्वये’ झालेलाच नाही, सबब क्रियापदे कितीही कडक असली तरी ती त्याला लागू होत नाहीत.

हा अर्थ शब्दांतून निघाला की शब्दांवर लादला गेला? सामान्य वाचकास तो सहजी सुचणार नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो अगदीच उपराही नव्हे. अशा कलमांचा घटनेशी मेळ घालून अर्थ लावण्याची रीत न्या. डिक्सन यांनी १९४५ च्या हिकमन खटल्यातच घालून दिली होती.

संसदेने २००५ साली उत्तर दिले तेही शब्दानेच. सदोष निर्णयासाठी ‘निर्णय म्हणून केलेला’ अशा आशयाची नवी संज्ञा अधिनियमात आली आणि अर्जाची कठोर मुदत तिला जोडली गेली. हाय कोर्टात अर्ज करण्यास घातलेली ती मुदत २००७ साली, निर्वासितेतर व्हिसाच्या एका खटल्यात, त्याच न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली.