पाचशे बारा बाइटांचा उंबरठा

ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत झाली आणि माझा लॅपटॉप उठेना. आत मोडी कागदांची सहा वर्षांची टिपणे होती. दुसरी प्रत नव्हती (चूक माझीच). दुरुस्ती शोधता शोधता इतिहासात शिरलो. ‘बूट’ हा शब्द बुटाच्या पट्ट्यावरून आला: स्वतःच स्वतःला ओढून उभे करायचे. १९८१च्या आयबीएम पीसीत बायॉस आधी जागे होई, डिस्कवरच्या पहिल्या ५१२ बाइटांतला प्रोग्राम वाची आणि पुढचा कारभार त्याच्या हाती देई. आता यूईएफआय वेगळ्या पार्टिशनमधली फाइल शोधते, रीत तीच. मधला दुवा तुटला, तर डिस्क शाबूत असूनही पडदा काळाच. म्हणून सिस्टिम नव्याने टाकण्याची घाई केली नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केले. टिपणे जागच्या जागी होती. आधी ती उतरवून घेतली, मगच दुरुस्तीला बसलो.