नरक्या आणि अमृता

बेसा हे नागपूरच्या दक्षिणेचे एके काळचे खेडे आता शहराला येऊन मिळाले आहे. तरी इथल्या घरांच्या कुंपणाशी सदाफुली अजून हमखास दिसते. तिला फारसे पाणी लागत नाही, खत लागत नाही आणि गुरेही सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. वर्गात तिचा विषय निघाला की आम्ही सांगतो, या साध्या झुडपापासून व्हिन्ब्लास्टीन आणि व्हिन्क्रिस्टीन ही कर्करोगावरची दोन औषधे मिळतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टीन आजही देतात. ते ऐकून कुणीतरी विचारतेच, "पण सदाफुली तर मूळची मादागास्करची. आपल्या रानात असे एखादे झाड नाही का?"

आहे. ते आम्हांला विदर्भातल्या जंगलात भेटत नाही, त्यासाठी सह्याद्रीच्या घाटात जावे लागते. त्याला नरक्या म्हणतात. त्याच्या फुलांना दुर्गंधी येते, हे ज्याने एकदा वास घेतला आहे त्याला सांगावे लागत नाही. गंमत अशी की याच झाडाचे मराठीत आणखी एक नाव आहे, अमृता. या झाडातल्या एका द्रव्याचा इतिहास पाहिला तर दोन्ही नावे खरी वाटू लागतात.

अल्कासारखे ते अल्कलॉइड

आधी या द्रव्यांच्या कुळाची ओळख करून घेऊ. १८०४-०५ च्या सुमारास फ्रीड्रिख झेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्रेत्याच्या तरुण मदतनिसाने अफूतून एक स्फटिकी द्रव्य वेगळे केले. त्याला पुढे मॉर्फीन हे नाव मिळाले. त्या काळी वनस्पतींतून मिळणारी बहुतेक ज्ञात द्रव्ये आम्लधर्मी किंवा उदासीन असत. हे मात्र अल्कासारखे वागत होते. आम्लात टाकले की त्याचा क्षार तयार होई, आणि तो क्षार पाण्यात विरघळे. पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हांतू या जोडीने १८१८ साली कुचल्याच्या वर्गातील बियांतून स्ट्रिक्नीन आणि १८२० साली सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळे केले. अशा द्रव्यांना एक नाव हवे होते. माइस्नर या जर्मन औषधशास्त्रज्ञाने १८१९ साली ते सुचवले : अल्कलॉइड, म्हणजे अल्कासारखे.

या सर्वांच्या रेणूंत नायट्रोजनचा निदान एक अणू असतो, आणि बहुतेकांत तो कार्बनच्या कड्यात गुंफलेला असतो. त्यामुळेच त्यांना आम्लारीचा गुण येतो. चवीला ती बहुधा कडू असतात. झाडाला पळता येत नाही, म्हणून खाणाऱ्याला दूर ठेवण्याचे काम ती करतात, असे मानले जाते. थोड्या मात्रेत औषध आणि जास्त मात्रेत विष ठरणारी ही द्रव्ये आहेत. (म्हणूनच वर्गात कोणतेही पान चाखून पाहण्याचा प्रयोग करू नये.)

शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावी अशी आणखी एक गोष्ट आहे. सदाफुलीचे व्हिन्क्रिस्टीन, सर्पगंधेचे रेसर्पीन, कुचल्याचे स्ट्रिक्नीन आणि सिंकोनाचे क्विनीन ही दिसायला अगदी वेगळी द्रव्ये झाडाच्या पेशीत एकाच सुरुवातीपासून तयार होतात. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल आपल्या डाळीतही असते. त्यापासून झालेला एक भाग आणि सेकोलोगॅनीन नावाचा दुसरा भाग यांची सांधणी होऊन एक मूळ रेणू बनतो. पुढे प्रत्येक वनस्पती त्याला आपापल्या पद्धतीने वळवते, तोडते, जोडते. नरक्यातले द्रव्य याच घराण्यातले आहे.

नंदुरबारचा मुलगा, चीनचे झाड

या द्रव्याचा शोध मात्र नरक्यात लागला नाही. १९५० च्या दशकात मन्रो वॉल हे अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करीत होते. कॉर्टिसोनसारखी औषधे बनवण्यासाठी कच्चा माल मिळतो का, हे पाहायला ते हजारो वनस्पती तपासत होते. त्यांतले सुमारे हजारभर अर्क त्यांनी तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे चाचणीसाठी पाठवले. एका चिनी झाडाच्या अर्काने उंदरांतील रक्ताच्या कर्करोगावर ठळक परिणाम दाखवला. हे झाड म्हणजे कॅम्प्टोथेका अक्युमिनाटा. त्याच्या चिनी नावाचा अर्थ आनंदवृक्ष असा होतो.

वॉल १९६० साली नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये आले. दोन वर्षांनी तिथे त्यांना एक सहकारी मिळाला : मनसुख वाणी. वाणींचा जन्म १९२५ साली खानदेशातल्या नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची एम.एस्सी. करून ते अमेरिकेत गेले, आणि इंडियाना विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून १९६२ साली या संस्थेत रुजू झाले. अर्कातून एकेक अंश वेगळा करायचा, प्रत्येक अंश उंदरांवर तपासून घ्यायचा, ज्यात गुण दिसेल तोच पुढे शुद्ध करायचा, असे चिकाटीचे काम त्यांनी केले. १९६६ साली वॉल, वाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या द्रव्याची रचना प्रसिद्ध केली. त्याचे नाव कॅम्प्टोथेसीन. रेणूत २० कार्बन, २ नायट्रोजन, आणि एकमेकांना चिकटलेली पाच कडी.

हे द्रव्य अल्कलॉइडांत गणले जाते, पण त्याचा स्वभाव नावाला जागत नाही. ते जवळजवळ उदासीन आहे. मॉर्फीन किंवा क्विनीनसारखा आम्लाशी त्याचा विद्राव्य क्षार होत नाही, आणि पाण्यात ते विरघळतच नाही म्हटले तरी चालेल. पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ इथे आहे.

गोरेगावातला शोध

आता मुंबईकडे येऊ. टी. आर. गोविंदाचारी हे वनस्पतिरसायनांचे नामवंत अभ्यासक मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज सोडून १९६३ साली गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे संचालक झाले होते. १९७२ साली त्यांनी आणि एन. विश्वनाथन यांनी मॅपिया फीटिडा या वनस्पतीतील अल्कलॉइडांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात कॅम्प्टोथेसीन होते, आणि त्याचे प्रमाण चिनी झाडातल्यापेक्षा कितीतरी अधिक होते. मॅपिया फीटिडा म्हणजे आपला नरक्या. त्याला आता नोथापोडायटिस निम्मोनियाना म्हणतात. 'फीटिडा' या लॅटिन शब्दाचा अर्थ दुर्गंधी. 'निम्मोनियाना' हे नाव जॉन ग्रॅहम यांनी १८३९ सालच्या मुंबई परिसरातील वनस्पतींच्या यादीत दिले होते. ती यादी पुरी होण्याआधीच ग्रॅहम वारले, आणि राहिलेले काम त्यांचे मित्र निम्मो यांनी पूर्ण केले.

म्हणजे या झाडाची वैज्ञानिक नोंद होऊन तोवर १३३ वर्षे झाली होती. त्याच्या खोडात काय आहे हे मात्र कुणी पाहिले नव्हते.

उघडलेले कडे

पण १९७२ हेच साल कॅम्प्टोथेसीनच्या पडत्या काळाचे होते. औषध शिरेतून द्यायचे तर ते पाण्यात विरघळायला हवे. त्यासाठी सोपा मार्ग घेतला गेला. या रेणूच्या पाच कड्यांपैकी शेवटचे कडे लॅक्टोन प्रकारचे आहे. अल्कात ते उघडते आणि सोडियमचा विद्राव्य क्षार बनतो. हाच क्षार रुग्णांना देऊन पाहिला. गुण फारसा आला नाही, त्रास मात्र भयंकर झाला. मूत्राशयाला दाह होऊन रक्तस्राव होऊ लागला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीसच चाचण्या थांबवण्यात आल्या.

चूक कुठे झाली, ते नंतर स्पष्ट झाले. औषधाची शक्ती त्या शेवटच्या कड्यातच होती. ते उघडले की रेणूचा गुण बहुतांशी जातो. रक्त किंचित अल्कधर्मी असते, त्यामुळे तिथे कडे उघडेच राहते. मूत्र मात्र बहुधा आम्लधर्मी. तिथे पोचल्यावर कडे पुन्हा मिटते आणि द्रव्य नको त्या ठिकाणी प्रभावी होते. आम्ल, आम्लारी आणि पीएच हा धडा शिकवताना यापेक्षा बोलके उदाहरण आम्हांला माहीत नाही.

सुंभाचा पीळ

हे द्रव्य पेशीत नेमके करते काय, हे १९८५ साली कळले. ते वर्गात दाखवता येते. दोन पदरी सुंभाचा हातभर तुकडा घ्या. एका मुलाने एक टोक घट्ट धरावे, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाकडून दोन पदर ओढून वेगळे करत जावे. पुढचा पीळ इतका घट्ट होतो की पदर सुटेनासे होतात. पेशीचे विभाजन होण्याआधी डीएनएचे दोन पदर असेच वेगळे व्हावे लागतात. हा ताण सोडवण्यासाठी पेशीत टोपोआयसोमरेज-१ नावाचे विकर असते. ते एक पदर तोडते, पीळ सैल होऊ देते आणि तोडलेली जागा पुन्हा जोडते.

कॅम्प्टोथेसीन नेमके त्या तुटलेल्या जागी पाचरीसारखे बसते आणि जोडणी होऊ देत नाही. डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा तिथे येऊन धडकली की दोन्ही पदर तुटतात आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी भराभर विभागतात, म्हणून त्यांना हा फटका जास्त बसतो.

एखादा चौकस मुलगा इथे विचारील, "मग झाड स्वतः कसे जगते?" चिनी आनंदवृक्षाबाबत याचे उत्तर २००८ साली मिळाले. त्याच्या विकरातले एक अमिनो आम्ल बदललेले आहे, त्यामुळे पाचर तिथे बसत नाही.

कार्य समजल्यावर या रेणूकडे लोक परत वळले. शेवटचे कडे शाबूत ठेवून, पाण्यात विरघळायला मदत करणारे गट दुसरीकडे जोडण्यात आले. इरिनोटेकान जपानमध्ये १९९४ साली मान्य झाले. अमेरिकेत इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही दोन्ही १९९६ साली. पहिले मुख्यतः मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर देतात, दुसरे अंडाशयाच्या. रचना प्रसिद्ध झाल्यापासून तीस वर्षे लागली होती. वॉल आणि वाणी यांना २००० साली केटरिंग पारितोषिक मिळाले. टॅक्सॉल हे आणखी एक मोठे औषधही याच दोघांनी जगाला दिले होते. वाणी २०२० साली, ९५ व्या वर्षी वारले.

झाडाचे काय झाले

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. कॅम्प्टोथेसीन प्रयोगशाळेत पूर्णपणे बनवता येते, हे १९७१ सालीच सिद्ध झाले होते. पण ते लांबचे आणि महाग काम. म्हणून औषधासाठी लागणारे मूळ द्रव्य वनस्पतीतूनच घेतले जाते, आणि उरलेले फेरफार कारखान्यात होतात. औषधे मान्य होताच मागणी वाढली, आणि ज्या झाडात प्रमाण जास्त त्याच्यावर कुऱ्हाड आली. १९९० च्या दशकापासून कोकण आणि पश्चिम घाटातून नरक्याची लाकडे परदेशी पाठवण्यासाठी मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. पानांत हे द्रव्य कमी, खोडात आणि मुळांत जास्त. त्यामुळे पाने खुडून भागत नाही, झाडच जाते. ज्याला जळाऊ लाकडापलीकडे किंमत नव्हती तो नरक्या चोरट्या तोडीच्या बातम्यांत येऊ लागला, आणि धोक्यातील वनस्पतींत त्याची गणना झाली.

तोडणाऱ्या गावकऱ्याला त्यातून मजुरी मिळाली. औषध दुसऱ्या देशात तयार झाले, आणि दर वाढवून परत आले. यात कुणा एकाला दोष देऊन भागणार नाही. रेणूवर साठ वर्षे काम झाले. झाड लावायचे कसे, वाढवायचे कसे, याकडे तितके लक्ष गेले नाही. २००५ साली भारतीय संशोधकांना नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी सापडली. ती स्वतः कॅम्प्टोथेसीन बनवते. असे मार्ग आशादायक आहेत. पण अशा बुरश्या प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या की त्यांची ही क्षमता घटत जाते, असा अनुभव आहे. लागवड, ऊतिसंवर्धन आणि बुरशी या तिन्ही वाटांवर काम चालू राहायला हवे.

सदाफुलीवर ही पाळी आली नाही, कारण ती शेतात सहज वाढते. तिच्यात व्हिन्क्रिस्टीन अतिशय थोडे असले तरी पुन्हा पेरता येते. वर्गात शेवटी आम्ही मुलांपुढे हाच फरक ठेवतो, आणि एक गृहपाठ देतो. आपल्या गावच्या शिवारातली कडू, गुरे न खाणारी पाच झाडे शोधा. त्यांची गावात चालणारी सगळी नावे लिहून आणा, आणि प्रत्येक झाड बियांनी वाढते, फांदीने वाढते की नुसते रानातच उगवते, ते विचारून घ्या. यादीतला हा शेवटचा रकाना भरायला मुलांना सर्वांत जास्त वेळ लागतो. बहुतेक वेळा त्यासाठी त्यांना घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जावे लागते.