जावा वेब स्टार्ट

जावा वेब स्टार्ट : जावा भाषेतील डेस्कटॉप प्रोग्राम संकेतस्थळावरील दुव्यावर क्लिक करून उतरवण्याची व चालवण्याची यंत्रणा. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने ती 2001 मध्ये उपलब्ध केली. 2002 मधील जावा 1.4 पासून ती जावाबरोबरच मिळू लागली. ॲप्लेट हा जावाचा छोटा प्रोग्राम ब्राउझरच्या पानात चाले. वेब स्टार्टचा प्रोग्राम मात्र स्वतःच्या खिडकीत चाले आणि ब्राउझर बंद केला तरी सुरू राही.

कार्यपद्धती : दुव्यामागे जेएनएलपी ही एक्सएमएल स्वरूपातील छोटी फाइल असे. तिच्यात प्रोग्रामचे नाव, जावाची लागणारी आवृत्ती, जार फाइलींचे (प्रोग्रामचे भाग एकत्र बांधलेल्या फाइलींचे) पत्ते, मुख्य क्लास आणि हवे असलेले अधिकार नोंदवलेले असत. सर्व्हरने तिचा माइम प्रकार (फाइलचे स्वरूप सांगणारी खूण) बरोबर कळवला नाही, तर प्रोग्राम सुरू होण्याऐवजी फाइलमधील मजकूरच पडद्यावर येई. पहिल्या वेळी सर्व जार फाइली उतरवून संगणकावरील कॅशमध्ये ठेवल्या जात. पुढे प्रोग्राम सुरू करताना सर्व्हरकडे चौकशी होई व बदललेल्या फाइलीच पुन्हा आणल्या जात. जारडिफ या तंत्राच्या साहाय्याने जुन्या-नव्या जारमधील केवळ फरक पाठवणेही शक्य होते. जेएनएलपीत तशी परवानगी असल्यास जाळ्याविनाही प्रोग्राम चाले. यंत्रणेचे खरे महत्त्व या अद्ययावतीकरणात होते. सर्व्हरवरील एकच प्रत बदलली की प्रत्येक टेबलावरील संगणकाला नवी आवृत्ती मिळे. संगणकागणिक इन्स्टॉलर चालवत फिरावे लागत नसे.

सुरक्षा : डिजिटल स्वाक्षरी नसलेला प्रोग्राम सँडबॉक्समध्ये, म्हणजे मर्यादित अधिकारांच्या बंदिस्त कक्षेत, चाले. फाइल उघडणे, छपाई, क्लिपबोर्ड यांसाठी जेएनएलपीच्या स्वतंत्र सेवा होत्या, त्या वापरकर्त्याची संमती घेत. स्वाक्षरी केलेल्या प्रोग्रामला संमतीनंतर पूर्ण अधिकार मिळू शकत. 2013 मध्ये जावातील गंभीर त्रुटी उघड झाल्यावर नियम कडक झाले. जानेवारी 2014 मधील जावा 7 अपडेट 51 पासून स्वाक्षरी नसलेले, तसेच स्वतःच्याच प्रमाणपत्राने स्वाक्षरी केलेले प्रोग्राम मूळ मांडणीत अडवले जाऊ लागले. अपवाद हवा असल्यास प्रोग्रामचे संकेतस्थळ अपवादांच्या यादीत घालावे लागे.

उपयोग : खगोलशास्त्रातील टॉपकॅट, जनुकशास्त्रातील आयजीव्ही, सर्व्हरचे दूरनियंत्रण.

तत्सम : मायक्रोसॉफ्टचे क्लिकवन्स (2005).

अखेर : 2010 मध्ये सन कंपनी ऑरॅकलकडे गेली. जावा 9 मध्ये (2017) वेब स्टार्ट कालबाह्य घोषित झाले व जावा 11 मधून (2018) काढण्यात आले. त्यामागे सुरक्षेचा प्रश्न आणि ब्राउझरमध्येच चालणाऱ्या प्रणालींचा प्रसार यांपैकी कशाचा वाटा मोठा, हे निश्चित सांगणे कठीण. पर्याय म्हणून ऑरॅकलने जेलिंक हे जावाचे साधन सुचवले. त्याने प्रोग्रामसोबत जावाचा आवश्यक भाग बांधून देता येतो, परंतु सुरू होताना आपोआप अद्ययावत होण्याची सोय त्यात नाही. आइस्डटी-वेब या मुक्त प्रकल्पाच्या आधारे काराकुन कंपनीने तयार केलेले ओपनवेबस्टार्ट जुन्या जेएनएलपी फाइली चालवते.