बंद झालेला दूरध्वनी क्रमांक परत हवा असल्यास
मुदतीला महत्त्व, नव्वद दिवसांनंतर क्रमांक दुसऱ्याच्या हाती जाण्याची शक्यता

नवी मुंबई, प्रतिनिधी

बँक खाते, आधार, गॅस नोंदणी आणि प्राप्तिकर या साऱ्यांची किल्ली आता दूरध्वनी क्रमांकाच्या हाती आली आहे. तो बंद पडला, की ओटीपी येणे थांबते आणि स्वतःचेच पैसे काढणे अवघड होऊन बसते. बंद क्रमांक पुन्हा सुरू करून घेता येतो. मात्र तो कशामुळे बंद झाला आणि त्याला किती दिवस लोटले, यावर सारे अवलंबून असते. क्रमांक ही ग्राहकाची मालमत्ता नव्हे. तो शासनाच्या क्रमांक योजनेतून कंपनीमार्फत वापरापुरता मिळालेला असतो.

घरचा दूरध्वनी

नवी मुंबईत २७ या आकड्यांनी सुरू होणारे ०२२ विभागातील बहुतेक जुने क्रमांक महानगर टेलिफोन निगमचे आहेत. १ एप्रिल १९८६ रोजी मुंबई व दिल्लीसाठी कार्यरत झालेल्या या कंपनीचा कारभार १ जानेवारी २०२५पासून भारत संचार निगमकडे सोपवण्यात आला. घाऊक बाजारातील अनेक व्यापाऱ्यांच्या बिलबुकांवर वर्षानुवर्षे हेच क्रमांक छापलेले असल्याने ते टिकवण्याची निकड आजही आहे.

देयक थकल्यास सर्वसाधारणपणे प्रथम बाहेर जाणारे आणि नंतर येणारे कॉल बंद होतात. शेवटी जोडणी कायमची रद्द होते. पहिल्या दोन टप्प्यांत थकबाकी भरल्यावर तोच क्रमांक सुरू होऊ शकतो. देयकाची पावती, ओळखपत्र व अर्ज घेऊन ग्राहक सेवा केंद्रात जावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. जोडणी रद्द झाल्यावर मात्र क्रमांक कंपनीच्या साठ्यात परत जातो. तो शिल्लक असेल आणि घरापर्यंतची केबल धड असेल, तरच पुन्हा मिळण्याची आशा धरता येते. देयक भरलेले असूनही फोन मुका असेल, तर तो बिघाड समजून तक्रार नोंदवावी. पुनर्जोडणीचा अर्ज तेथे उपयोगी पडत नाही.

प्रीपेड मोबाइल

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) २०१३च्या नियमांनुसार सलग ९० दिवस वापर नसल्याखेरीज प्रीपेड क्रमांक त्या कारणावरून बंद करता येत नाही. आलेला वा केलेला कॉल, पाठवलेला एसएमएस आणि इंटरनेटचा वापर हे ‘वापर’ या शब्दात मोडते. नुसता आलेला एसएमएस त्यात मोडत नाही. त्यामुळे केवळ बँकेच्या संदेशांसाठी कपाटात ठेवलेले सिमकार्ड धोक्यात असते.

खात्यात किमान २० रुपये शिल्लक असल्यास क्रमांक राखण्याची तरतूद आहे. मात्र पॅकसाठी भरलेली रक्कम ही शिल्लक मानली जात नाही. वापराअभावी क्रमांक बंद झाल्यावर तो पुन्हा सुरू करून घेण्यासाठी १५ दिवसांची सवलत मिळते. या काळात मूळ ग्राहकाने स्वतः ओळखपत्र व जुने सिमकार्ड घेऊन कंपनीच्या दालनात जाणे श्रेयस्कर.

जहाजावरील नोकरीमुळे सहा-आठ महिने समुद्रावर असणाऱ्या नेरूळ, उलव्यातील रहिवाशांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. पोस्टपेड ग्राहकांसाठी याच नियमांत ‘सुरक्षित ताबा’ अर्थात सेफ कस्टडीची सोय असून, तीन महिन्यांसाठी १५० रुपयांहून अधिक शुल्क आकारता येत नाही. त्यासाठी निघण्यापूर्वीच अर्ज करावा.

क्रमांक हातचा गेल्यास

बंद केलेला क्रमांक किमान ९० दिवस नव्या ग्राहकाला दिला जात नाही, असे ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते. त्यानंतर तो दुसऱ्याकडे गेल्यास परत मागण्याचा मार्ग जवळपास खुंटतो. अशा वेळी क्रमांकामागे धावण्यापेक्षा तो बँक, आधार व यूपीआयमधून तातडीने बदलून घ्यावा. आधारसाठी नोंदणी केंद्रात आणि बँकेसाठी शाखेत जाता येते. व्हॉट्सअॅपचे खातेही नव्या क्रमांकावर वळवावे. अन्यथा आपल्यासाठीचे संदेश अनोळखी व्यक्तीच्या हाती पडू शकतात.

दाद कोठे मागावी?

चूक कंपनीची असल्यास प्रथम १९८ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. त्याला शुल्क नाही आणि ३९ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. त्यापुढे दूरसंचार विभागाच्या तक्रार कक्षाचा (१०६३) पर्याय आहे.

दूरसंचार सेवेविषयीच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागता येत असल्याने वाशी-बेलापूरच्या ग्राहकांसाठी ठाणे, तर खारघर-पनवेलकरांसाठी रायगड जिल्हा लागू होतो. तेथे जाताना पावत्या, अर्जाची पोच आणि तक्रार क्रमांक हाताशी असावेत. तोंडी आश्वासनांचा पुरावा देता येत नाही.